मास्तरांचा राब

चैत्र सरत आला की आमच्या डोळखांबच्या बाजूला संध्याकाळी शेताशेतांतून धूर निघू लागतो. आसनगावला लोकलमधून उतरून प्रथमच इकडे आलेल्या पाहुण्याला वाटते की वणवा लागला. पण ते राब भाजणे असते. खाचराच्या एका कोपऱ्यात टहाळ, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रचायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते सावकाश पेटू द्यायचे. भडका उडता कामा नये. जमीन भाजली पाहिजे. त्याने तणाचे बी मरते, राखेने माती भुसभुशीत होते, आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच तुकड्यात भात पेरतात. तीनचार आठवड्यांनी तीच रोपे उपटून साऱ्या शेतभर लावायची. श्रावणात जे हिरवेगार शेत पाहून तुम्ही गाडीच्या खिडकीतून ‘वा!’ म्हणता, त्याचे मूळ वैशाखातल्या त्या काळ्या तुकड्यात असते.

हा राब भाजावा म्हणून आमच्या शेतकऱ्याला कोणी परिपत्रक धाडत नाही. कोणता कोपरा घ्यायचा, टहाळ किती घालायचा, काडी कोणत्या दिवशी लावायची, हे तो स्वतः ठरवतो. कारण पीक त्याला घ्यायचे असते आणि चुकले तर उपासही त्यालाच घडायचा असतो. भाजून झाल्यावर त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. राखेपुढे उभे राहून फोटो काढून तो कोठे चढवावाही लागत नाही.

शेतीवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मला लिहायचे आहे ते मास्तरांविषयी. कारण मास्तरांचाही राब भाजण्याचा हंगाम तोच, वैशाखाचा. आणि त्या हंगामात आमच्या हातून काडी काढून घेण्याचा जो उद्योग गेली काही वर्षे चालला आहे, त्याबद्दल दिवाळीच्या फराळाबरोबर थोडे तिखट बोलावे असे मनात आहे. वाचकांनी चकलीसारखे गोड मानून घ्यावे.

प्रथम माझी ओळख. शाळेच्या बाकावर बसून घेतलेले माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सन २००० नंतर पाड्यापाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या, तेव्हा मानधनावरचा स्वयंसेवक म्हणून मी एका पाड्यावर फळा टांगला. त्यानंतर जे काही शिकलो ते नोकरी करता करता, टपालाने आलेल्या पुस्तकांवर, वाचनालयांवर, आणि अलीकडे मोबाईलवर. मधल्या वेळात चार कादंबऱ्याही लिहिल्या. तेव्हा ‘स्वतःहून शिकणे’ हा माझ्या दृष्टीने चर्चासत्राचा विषय नाही. माझी भाकरी त्यावर भाजली गेली आहे. म्हणूनच त्या सुंदर गोष्टीचे विडंबन होताना पाहिले की राग येतो.

विडंबन कसे, ते सांगतो. मे महिना उजाडतो. शाळेचे निकाल लागलेले असतात, पाड्यावर विहिरीने तळ गाठलेला असतो. तानसा, वैतरणा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आमच्या भागातली, आणि हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बायाही आमच्याच. अशा वेळी मास्तरांच्या मोबाईलवर निरोप येतो. अमुक अभ्यासक्रम ऑनलाइन उपलब्ध आहे. शिक्षकांनी स्वयंप्रेरणेने तो पूर्ण करावयाचा आहे. अंतिम तारीख अमुक. पूर्ण न करणाऱ्यांची यादी वर पाठवण्यात येईल. या चार वाक्यांतले दुसरे वाक्य एकीकडे आणि शेवटचे दुसरीकडे ठेवा. मराठी भाषेत ‘स्वयंप्रेरणा’ या शब्दाचा असा उपयोग मोरोपंतांनाही सुचला नसता! लग्नात आग्रहाने जिलबी वाढणारे आम्ही पाहिले आहेत. परंतु जिलबी स्वेच्छेने न खाणाऱ्यांची यादी मांडवाच्या दारावर लावणारा यजमान अजून पाहिला नव्हता.

मग मास्तर काय करतो? आमच्या पाड्यावर रेंज येत नाही. टेकाडावर एक जुना मोहाचा वृक्ष आहे, त्याच्या बुंध्याशी उभे राहिले तर दोन कांड्या येतात. त्या मोहाखाली बसून मी एक संपूर्ण अभ्यासक्रम ‘केला’ आहे. कोणाचा, ते सांगत नाही. दोष माझा होता. चित्रफीत सुरू केली, आवाज बंद केला, मोबाईल दगडाला टेकवला, आणि शेजारच्या जाळीतली करवंदे तोडायला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर एक विदुषी हात हलवून काही समजावीत होत्या. शेवटी प्रश्नावली आली. तिची उत्तरे आदल्याच रात्री टोकावड्याच्या बाजूच्या एका स्नेह्याने धाडली होती. त्याला ती कोणी धाडली, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मी ती क्रमाने टिचकली. माझ्या नावाचे रंगीत प्रमाणपत्र उमटले. त्या अभ्यासक्रमाचा विषय होता, वाचन मागे पडलेल्या मुलांना कसे वाचते करावे.

आणि माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगा होता जो वाचीत नव्हता. कातकऱ्याचा पोर. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जाणार, भिवंडीकडे नाही तर कल्याणकडे, आणि पोर त्यांच्याबरोबर. परत येणार ते पाऊस तोंडावर आल्यावर. त्या मुलाच्या डोळ्यांपुढे माझे ते प्रमाणपत्र नेऊन धरायला मला शरम वाटली असती. करवंदे मात्र गोड होती.

माझी थोरली बहीण कल्याणला शिक्षिका आहे. तिच्याकडे रेंजची अडचण नाही, अडचण दुसरीच आहे. मे महिन्यात घरात कुरडया, पापड, भाचीचे लग्न, सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन. ताईचा मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर, मसाल्याच्या डब्याला टेकून, ‘बालकाचा सर्वांगीण विकास’ यावर बोलत असतो, आणि ताई साच्यातून कुरडई पाडीत असते. मी म्हटले, “ताई, ऐकतेस तरी का?” ती म्हणाली, “अरे, ते मला ऐकते आहे. मी थांबले की तेही थांबते, आणि विचारते, तुम्ही अजून आहात का?” सव्वीस वर्षे चाळीस चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाईला एका यंत्राने ‘तुम्ही अजून आहात का’ असे विचारावे, यापेक्षा मोठी टीका मी काय करणार?

आता कोणी म्हणेल, हे सारे सरकारी धोरणाचेच फळ. तसेही नाही, आणि खरी मौज पुढेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. आणि हे शिक्षण त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार, त्याच्या स्वतःच्या उन्नतीसाठी असावे, असाही स्पष्ट आशय तेथे आहे. ‘आवड’ हा शब्द धोरणकर्त्यांनी घातला. दिल्लीहून निघालेला तो शब्द डोळखांबला पोहोचेपर्यंत वाटेत कोठे गळाला, याचा तपास लागत नाही. पन्नास तास मात्र सुखरूप पोहोचले!

साधनांचीही वाण नाही. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले. ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणाचा मोठा उपक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये निघाला. देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत तो न्यायचा होता. लगेच महासाथ आली, आणि ऑक्टोबर २०२० पासून तोच उपक्रम १८ घटकांत विभागून ‘दीक्षा’वर आला. टाळेबंदीत घरी बसलेल्या लाखो शिक्षकांना घरबसल्या काही शिकता यावे ही कल्पना वाईट नव्हती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आमच्या राज्यात १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण लागते. २०२२ साली तेही ऑनलाइन झाले. पगारवाढ आणि प्रशिक्षण यांची अशी गाठ मारली की शिकणारा पगारवाढीकडे बघतो आणि धडा खिडकीबाहेर बघत बसतो. त्याला दोष द्यावा तरी कसा? घरी लेकीच्या कॉलेजची फी भरायची असते.

माझा राग ऑनलाइन शिक्षणावर आहे असे कोणी समजू नये. उलट, त्या मोहाच्या झाडाने मला जे दिले ते कोणत्याही शहरातल्या ग्रंथालयाने दिले नसते. तेही सांगितले पाहिजे; एरवी हा लेख म्हणजे नुसती म्हाताऱ्याची कुरकुर ठरेल, आणि माझी पन्नाशी अजून यायची आहे.

पुढल्या वर्षीच्या सुट्टीत मी ठरवले, यंदा कोणी सांगितलेले शिकायचे नाही. मला अडलेले शिकायचे. मला दोन गोष्टी अडल्या होत्या. एक तो मुलगा. दुसरी भूमिती. माझ्या मुलांना त्रिकोण आणि चौकोन ओळखता येत, पण त्यांचे काय करायचे हे ना त्यांना ठाऊक, ना मला. मोहाखाली बसून शोधता शोधता पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या चित्रफिती सापडल्या. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे हे गृहस्थ. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि शेकडो पुस्तके महाजालावर फुकट आहेत, त्यांतली कितीतरी मराठीत. त्यांत आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा एक खेळ आहे. नळीचे बारीक तुकडे करायचे, त्यांत काड्या खोचून आकार जोडायचे. डोळखांबच्या सायकलवाल्याकडून मी वीतवीत नळ्या आणल्या, तेव्हा त्याने विचारले, “गुरुजी, सायकली किती घेतल्यात?”

जूनमध्ये मुलांनी काड्यांचे त्रिकोण केले, चौकोन केले. चौकोन दाबला की लवंडतो, कलंडतो, पतंगासारखा होतो. त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. मी ‘का?’ असे विचारणार, तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उठली आणि छपराकडे बोट दाखवून म्हणाली, “गुरुजी, म्हणून कैची तशी असते!” साऱ्या वर्गाने माना वर केल्या. आमच्या शाळेच्या छपराखालची लाकडी कैची वीस वर्षे माझ्या डोक्यावर होती. ती त्रिकोणांची आहे हे मी त्या दिवशी पाहिले. हा धडा कोणत्या अभ्यासक्रमाच्या कितव्या घटकात बसतो, हे कोणी सांगेल काय?

आता तो मुलगा. ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे एक संकेतस्थळ आहे. प्रथम बुक्स या संस्थेने ते २०१५ साली सुरू केले. मुलांच्या चित्रमय गोष्टी तेथे अनेक भाषांत आहेत. त्या वाचाव्यात, छापाव्यात, आपल्या बोलीत बदलून घ्याव्यात, याला तेथे पूर्ण मुभा आहे. मी चार गोष्टी निवडल्या, शहापूरला जाऊन छापून आणल्या, आणि त्या मुलाच्या आजीपुढे जाऊन बसलो. गोष्ट मराठीत वाचायची, आजीने ती आपल्या बोलीत सांगायची, मी ती चित्राखाली लिहून चिकटवायची. पहिल्या दिवशी आजी हसतच सुटली. म्हणाली, “गुरुजी, आमची भाषा कागदावर? ती तर रानातच बरी.” चौथ्या दिवशी तिनेच माझी चूक काढली.

तो मुलगा वाचू लागला. एका रात्रीत नव्हे आणि फर्डाही नव्हे. पण आजीचे शब्द कागदावर ओळखून त्याचा चेहरा असा काही उजळला की त्यापुढे माझी सारी रंगीत प्रमाणपत्रे फिकी पडली. दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला, तेव्हा चारही गोष्टी त्याने बोचक्यात घातल्या. पावसाच्या तोंडावर परत आला तो तीन घेऊन. चौथी आईने चूल पेटवायला घेतली होती. उरलेल्या तिन्ही त्याला पाठ होत्या. भट्टीवरच्या दुसऱ्या पोरांना त्या वाचून दाखवीत असे, असे तो म्हणाला. मी त्याला शिकवले ते आजीकडून शिकून. आणि आजीपर्यंत मला पोहोचवले ते त्या मोबाईलनेच. तेव्हा यंत्राशी माझे भांडण नाही. काय शिकायचे हे कोणी ठरवायचे, एवढ्यावरच ते आहे.

आमच्या महाराष्ट्रात हे भांडण नवे नाही. १८६१ साली सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयाने ‘मराठी शालापत्रक’ निघाले. खेड्यापाड्यांतल्या पंतोजींनी घरबसल्या वाचावे, शिकावे, यासाठीच ते होते. त्या काळचे ऑनलाइनच म्हणा, फक्त टपालाने येणारे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवले, पुढे विष्णुशास्त्र्यांच्या हाती आले. विष्णुशास्त्री ते विष्णुशास्त्रीच. पंतोजींना नुसती उत्तरे न देता ते प्रश्न विचारायला शिकवू लागले. मिशनऱ्यांवर टीका आली, सरकारलाही चिमटे बसले. १८७५ साली सरकारने पत्रकच बंद करून टाकले. शिक्षकाने शिकावे, असे प्रत्येक सरकारला वाटते. शिकून तो विचार करू लागला की मात्र काही सरकारांना छपाईचा खर्च आठवतो!

दुसरे उदाहरण अगदी आमच्या घरचे. बोर्डी आणि कोसबाड ही गावे आज पालघर जिल्ह्यात असली तरी २०१४ पर्यंत ती आमच्या ठाणे जिल्ह्यात होती. तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा मांडली. मुले शाळेत येत नाहीत. ती गुरे राखायला कुरणात जातात. मग या बायांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला नाव पडले कुरणशाळा. ही युक्ती त्यांना कोणत्या वरिष्ठांनी कळवली होती? मुलांच्या मागे मागे हिंडून त्या शिकल्या. आणि अनुताई स्वतः बी. ए. झाल्या त्या वयाची पन्नाशी उलटल्यावर. पदवीवाचून त्यांचे काही अडले होते असे नाही. शिकायची हौस होती. अनुताईंना त्या काळी कोणी ‘पन्नास तास पूर्ण करा, नपेक्षा यादीत नाव’ असे कळवले असते, तर त्यांनी तो कागद मुलांना होड्या करायला दिला असता, याबद्दल मला शंका नाही.

आजचेच पाहायचे तर आमच्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा गेल्या दशकात डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोडचा चौकोन जोडला, तो पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्या दहा लाख डॉलरांतले निम्मे त्यांनी बरोबरीच्या नऊ स्पर्धकांत वाटून दिले. आधी शिक्षक, मग सरकार, असाच या गोष्टींचा क्रम असतो. परिपत्रकातून चौकोन निघत नाहीत, चौकटी निघतात.

यावर तीन आक्षेप येतील. मी शाळामास्तर असल्याने ते अगोदरच फळ्यावर लिहून ठेवतो.

पहिला आक्षेप : मास्तरांना मोकळे सोडले तर ते झोपा काढतील. काही काढतील, मी त्यांची नावेही सांगू शकेन, त्यांत एक वर्ष माझेही आहे. पण सक्तीने तरी कोण जागा राहतो? सक्तीच्या अभ्यासक्रमात तोच मास्तर डोळे उघडे ठेवून झोपतो, आणि वर प्रमाणपत्र घेऊन उठतो. उघड झोपलेल्याला हलवता येते. झोपेचे सोंग घेतलेल्याला कोण जागे करणार? ती म्हण आमच्या पूर्वजांनी काही उगीच केली नाही.

दुसरा आक्षेप : जनतेच्या पैशातून पगार घेता, तर हिशेब द्यायला नको? अवश्य द्यायला हवा. हिशेब कशाचा, एवढेच विचारतो. किती तास पडद्यापुढे बसलात, हा हिशेब घाण्याच्या बैलाचा. किती फेरे झाले हे विचारता, आणि तेल किती निघाले हे कोणी विचारीत नाही. मला विचारा, ‘मास्तर, या उन्हाळ्यात तुम्हाला काय अडले होते? कोठे शोधलेत? वर्गात काय करून पाहिलेत? काय फसले?’ या चार प्रश्नांची उत्तरे कोणाकडून मागवून टिचकता येत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आमच्या विरुद्ध आहे. काही गोष्टी अशा असतात की त्या अडल्या आहेत हेच शिक्षकाला कळत नाही. आपल्याला दिसत नाही हे ज्याला ठाऊक नाही तो चष्म्याच्या दुकानात कशाला जाईल? डोक्यावरची कैची मला वीस वर्षे दिसली नव्हती, हे मीच वर लिहिले आहे. म्हणून तज्ज्ञांचे मार्गदर्शन हवे, पाठ हवेत, अभ्यासक्रम हवेत; ते चांगले असतात आणि तळमळीने केलेले असतात. वाडा तालुक्यात सोनाळ्याला ‘क्वेस्ट’ ही संस्था बालशिक्षणावर असेच काम मन लावून करते. परंतु तज्ज्ञाने दार उघडून उभे राहावे आणि आत बोलवावे. मानगूट धरून आत ढकलू नये. ढकलत आणलेल्या पाहुण्याला घरातले काही दिसत नाही. बाहेर जायचे दार तेवढे तो हेरून ठेवतो.

आता थोडे माझ्या भाऊबंदांना. मित्रहो, सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. शाळाबाह्य कामांचे, अॅपवरच्या नोंदींचे, रोजच्या खिचडीच्या आकड्यांचे ओझे मी तुमच्याइतकेच वाहतो. तरीपण उत्तरांच्या त्या याद्या कोणी धाडल्या? आपणच. ‘सर, तेराव्या घटकाची उत्तरे आहेत का?’ असे मध्यरात्री कोण विचारीत होते? आपणच. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला आपण कोपऱ्यात उभे करतो; मग आपल्याला कोणत्या कोपऱ्यात उभे करावे? सक्ती वाईट, हे बोलण्याचा अधिकार स्वतःहून शिकणाऱ्याला आहे. सक्तीही नको आणि शिकणेही नको असे म्हणणाऱ्याचे वकीलपत्र मी घेणार नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. तेव्हापासून आपल्यातले कितीतरी जण पुन्हा पुस्तके घेऊन बसले आहेत. भीतीने का होईना, बसले. त्या पुस्तकांतले एखादे पान भीती विसरून वाचले गेले, तरी मी म्हणेन काही वाया गेले नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून माझे मागणे सांगतो, आणि ते फार महाग नाही. एक, मे महिना शिक्षकाचा त्याला परत द्या. त्या महिन्यात यादी नको, अंतिम तारीख नको. दोन, पन्नास तासांपैकी निम्मे तरी त्याने निवडलेल्या विषयाला द्या, मग तो काड्यांचा त्रिकोण असो की आजीची बोली. तीन, प्रमाणपत्राऐवजी जूनच्या पहिल्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने दहा मिनिटे उभे राहून सांगावे, मी काय शोधले आणि काय फसले. ‘फसले’ सांगणाऱ्याला टाळ्या जास्त. चार, ज्या पाड्यावर मोहाखाली उभे राहिल्याशिवाय रेंज येत नाही, तेथे आधी रेंज पाठवा आणि मग अभ्यासक्रम. धरणाच्या काठी राहून कोरड सोसण्याची आम्हाला सवय आहे. पण ज्ञानाच्या बाबतीतही तेच घडावे, हे बरे नाही.

आणि वाचकहो, एक मागणे तुमच्याकडेही आहे. या दिवाळीत तुमच्या घरी कोणी शिक्षक किंवा शिक्षिका फराळाला येईल; नात्यात एक तरी असतेच. त्यांना आपण सारे एकच प्रश्न विचारतो, “काय, मजा आहे बुवा तुमची, सुट्ट्याच सुट्ट्या!” यंदा तो विचारू नका. “गेल्या उन्हाळ्यात स्वतःहून काय शिकलात?” असे विचारा. प्रथम ते गोंधळतील. कित्येक वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेले नाही. मग कदाचित चकली ताटात तशीच राहील आणि ते सांगू लागतील. काहीच सांगता आले नाही, तर पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारा. ज्या शिक्षकाला कोणीतरी हे विचारणार आहे, तो वैशाखात रिकामा बसणार नाही.

भाऊबीज झाली की आमच्या पाड्यावरची बोचकी बांधली जातील. तो मुलगा आता माझ्या शाळेत नाही. पण त्याची धाकटी बहीण दुसरीत आहे, आणि तीही भट्टीवर जाणार. तिच्यासाठी आजीने यंदा पाचवी गोष्ट सांगितली आहे. तिला ती कोणाच्या पुस्तकातून घ्यावी लागली नाही, तिच्या स्वतःच्याच पदरची निघाली. ती कागदावर उतरवून, चित्रे काढून, बोचक्यात जाईपर्यंत पुरी करायची आहे. अंतिम तारीख आहे म्हणायची. पण ही माझी मी घातलेली आहे.